पुढे पाठवायची चिठ्ठी

माझ्या खोलीच्या दारावर ‘नेत्र विभाग’ अशी पाटी होती आणि आत मी एकटाच असायचो. लोक मला डॉक्टर म्हणत. पहिली काही वर्षं मी प्रत्येकाला दुरुस्त करायचो, “मी डॉक्टर नाही, नेत्र चिकित्सा अधिकारी आहे.” म्हातारी माणसं शांतपणे ऐकून घेत, मान डोलावत आणि उठताना म्हणत, “बरं डॉक्टर, येतो.” मग मी नाद सोडला.

पण मी डॉक्टर नव्हतो, हेच माझ्या नोकरीचं सार होतं. १९७६ साली देशात अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. दोन वर्षांचं प्रशिक्षण घेतलेली आमच्यासारखी माणसं ग्रामीण रुग्णालयांत नेमली गेली ती या कार्यक्रमातून. नजर तपासायची, नंबर काढायचा, मोतीबिंदूवाले हेरून शिबिराला पाठवायचे, शाळा तपासायच्या, डोळ्याचा दाब मोजायचा. सुरीला हात लावायचा नाही. म्हणजे शेवटी निर्णय एकच: समोरच्याला इथेच थेंब देऊन घरी धाडायचं की चिठ्ठी लिहून पुढे पाठवायचं? आणि पाठवायचं तर पुढच्या मंगळवारी, की आत्ता दुपारच्या एसटीने?

सोलापूर जिल्ह्यातल्या एका कोरडवाहू तालुक्यात मी १९९३ मध्ये रुजू झालो आणि २०२४ मध्ये निवृत्त झालो. दिवसाला चाळीस-पन्नास केसपेपर. त्यातले बहुतेक चाळिशीचा चष्मा, मोतीबिंदू, वडस, रांजणवाडी, नाहीतर आलेले डोळे. ज्याला त्याच दिवशी हलवलं नाही तर डोळा जाईल, असा रुग्ण महिन्यातून एखाददुसरा. अडचण ही की तोही त्याच रांगेत, तोच पाच रुपयांचा केसपेपर हातात धरून उभा असायचा. आणि बऱ्याचदा तो सगळ्यांत कमी कुरकुर करत असायचा.

पहिला धडा मला ज्या बाईंनी दिला त्यांचं वय पंचावन्नच्या आसपास असेल. नोकरीचं दुसरं वर्ष, आठवडी बाजाराचा दिवस, बाहेर पाऊस. त्या माझ्याकडे आल्याच नव्हत्या. त्या आल्या होत्या उलट्यांसाठी. दोन दिवस पित्त उसळलंय, अर्धं डोकं फुटतंय, असं सांगत होत्या. गावातल्या दवाखान्यात सलाईन लावून झालं होतं. आमच्या रुग्णालयात व्हरांड्यातल्या बाकावर आडव्या झाल्या होत्या. मी चहाला निघालो होतो. मुलगा म्हणाला, “साहेब, आईचा डोळाबी लाल झालाय, तेवढं बघता का?” मी उभ्या उभ्या बघितलं. डोळा लाल होता. मी खिशातली ॲण्टिबायोटिक थेंबांची बाटली दिली, दिवसातून चार वेळा घाला म्हणालो आणि चहाला गेलो.

नजर तपासली नाही. टॉर्च लावला नाही. खोलीत बोलावलंसुद्धा नाही.

चौथ्या दिवशी मुलगा त्यांना हाताला धरून घेऊन आला. उलट्या थांबल्या होत्या, पण त्या डोळ्याने दिसत नव्हतं. आता टॉर्च लावला. बुबुळावर वाफ धरलेल्या काचेसारखा धुरकटपणा. त्यामागे बाहुली मोठी, थोडी लांबट, आणि उजेड टाकला तरी जागची हलत नव्हती. मग प्रशिक्षणात शिकवलेलं आठवलं. त्यांना खाली बघायला सांगितलं आणि मिटलेल्या पापणीवरून दोन्ही डोळे बोटांच्या टोकांनी हलकेच दाबून बघितले. एक डोळा पिकल्या टोमॅटोसारखा लागला. दुसरा गोटीसारखा.

तो अचानक उसळलेला काचबिंदू होता. डोळ्यात सतत पाणी तयार होत असतं आणि बुबुळाच्या कडेच्या कोनातून ते निचरत असतं. काहींचा हा कोन मुळातच अरुंद असतो. तो एकदम बंद झाला की दाब दहा-वीसवरून चाळीस-पन्नासच्या वर जातो, आणि त्या दाबाखाली डोळ्याची नस चेंगरते. उलट्या या दाबामुळे होतात, पण उलटी दिसली की आपल्याकडे पित्तच आठवतं. जिल्ह्याच्या डॉक्टरांनी दुसऱ्या डोळ्यात लेसरने बारीक भोक पाडून तो वाचवला, कारण एका डोळ्यात झालं ते दुसऱ्यात होण्याची दाट शक्यता असते. पहिल्या डोळ्यात उजेड-अंधार कळण्यापुरतंच काही उरलं.

नंतर मी त्या बाईंना विचारलं, आधी कधी काही जाणवलं होतं का? म्हणाल्या, “दिवेलागणीला बल्बाभोवती रंगाचं कडं दिसायचं. चांगलं दिसायचं हो.” सहा महिन्यांपासून दिसत होतं. अंधारात बाहुली मोठी होते आणि अरुंद कोन आणखी बुजतो, म्हणून ते कडं संध्याकाळीच दिसायचं. कोणी विचारलं असतं तर त्यांनी सांगितलं असतं.

त्या बाईंनी मला कधी दोष दिला नाही. आधी डोळ्यासाठी आलो असतो तर, असं त्यांचा मुलगाच म्हणायचा. डोळा त्याने चार दिवस आधी मला दाखवलाच होता, मीच नीट बघितला नाही, हे त्याला मी सांगितलं नाही. इथे पहिल्यांदा सांगतोय.

त्यानंतर मी एक नियम केला. कोणीही, काहीही घेऊन येवो, व्हरांड्यात बघायचं नाही. आत बोलवायचं, आणि डोळा बघायच्या आधी नजर बघायची. आमच्या खोलीत तक्त्यासाठी लागणारी सहा मीटर लांबी नव्हती. समोर आरसा लावून, उलट्या अक्षरांचा तक्ता रुग्णाच्या डोक्यामागे टांगून मी ती जुळवली होती. एक डोळा झाकायचा, वाचायचं. मग दुसरा. हे ‘एकेक’ महत्त्वाचं. दोन्ही उघडे ठेवून माणूस चांगल्या डोळ्यावर संसार रेटत असतो. एक ट्रॅक्टरवाला फिटनेसच्या दाखल्यासाठी आला होता. डावा डोळा झाकला आणि म्हणाला, “लाईट गेली का?” उजवा डोळा कधीपासून बंद होता, हे त्याला माहीत नव्हतं.

नजर कमी निघाली की माझ्याकडे आणखी एक हत्यार होतं. काळी चकती, मध्ये सुईच्या टोकाएवढं भोक. त्या भोकातून बघायला लावायचं. ओळ पुढे सरकली तर बहुधा चष्म्याचं काम. सरकली नाही तर दोष काचेने सुटणारा नाही. मोतीबिंदू, पडदा, नस, काहीतरी आत आहे. इतकं साधं, की लोकांना यात काही तपासणी झाली असं वाटतच नसे. “मशीनवर नाही का बघणार?” असं विचारत. मशीन नंतर आलं. ते आल्यावर लोक खूश झाले, पण माझ्या अंदाजाने निम्म्या चिठ्ठ्या या चकतीने लिहिल्या.

कॅनॉलचं पाणी आलं तसा तालुक्यात ऊस आला, आणि उसाबरोबर पातं लागलेले डोळे आले. उसाची तोडणी, ज्वारीची काढणी, मळणी. डोळ्याला पातं किंवा कूस लागतं, बुबुळावर ओरखडा उठतो आणि त्यातून माती-पाल्याबरोबर बुरशी आत शिरते. माणूस आधी घरचं करतो. मध, एरंडेल, कांद्याचा रस, बाळंतिणीचं दूध. शेजारच्या गावात एक आजी होत्या, त्या जिभेने डोळ्यातला कचरा काढत. त्यांच्याविषयी वाईट बोलणार नाही, कारण त्या पैसे घेत नसत आणि रात्री-अपरात्री दार उघडत. पण तोंडातले जंतू त्या थेट जखमेवर ठेवत होत्या.

घरचं संपलं की दुकानातला थेंब. तिथे खरा घात होई. लाल डोळ्यावर दिल्या जाणाऱ्या अनेक थेंबांत स्टेरॉइड असतं. ते घातलं की लाली उतरते, खुपणं कमी होतं, दोन दिवस बरं वाटतं. बुरशीलाही बरंच वाटतं, कारण तिला अडवणारी शरीराची फौज स्टेरॉइडने झोपवलेली असते. एक जोडपं आठवतं, ऊसतोडीला बीडकडून आलेलं. नवऱ्याला पातं लागून बारा दिवस झाले होते. मुकादमाने उचल दिलेली, कोयता एक दिवस थांबला तर हिशोब चुकतो, म्हणून थेंबावर काढले. मी नारिंगी रंगाची पट्टी त्याच्या पापणीच्या आत टेकवली आणि निळा उजेड टाकला. बुबुळाच्या मधोमध ज्वारीच्या दाण्याएवढी जागा हिरवीगार चमकली. कडा पिसासारख्या विस्कटलेल्या. चिठ्ठी लिहिली. बायको म्हणाली, “आता नाय जमत साहेब, पट्टा पडल्यावर जाऊ.” पट्टा पडायला, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपायला, दोन महिने होते. मी मुकादमाला बोलावून घेतलं आणि आयुष्यात पहिल्यांदा रुग्णालयात आवाज चढवला. नवरा गेला, दीड महिना तासातासाला औषध घातलं. डोळा राहिला, त्यावर फूल राहिलं. म्हणजे पांढरा डाग. ते फूल मधोमध पडलं, म्हणून त्या डोळ्याने त्याला आता बोटं मोजण्यापुरतंच दिसतं.

शहरात ऊस नसतो, पण कॉन्टॅक्ट लेन्स असतात. लेन्स घालणाऱ्याचा डोळा लाल झाला, दुखला, तर लेन्स काढायची आणि त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरकडे. कारण तेच आहे, बुबुळावरच्या ओरखड्यातून आत शिरणारे जंतू.

आता चुन्याचं सांगतो, कारण यात डॉक्टरपेक्षा घरच्यांच्या हातात जास्त असतं. तंबाखूबरोबर चुन्याची प्लास्टिकची पुडी मिळते. आजोबांच्या बंडीच्या खिशातली पुडी नातू काढतो, दाबतो, ती फुटते आणि चुना सरळ डोळ्यात उडतो. अशी नऊ-दहा पोरं मी बघितली. चुना भाजतो आणि भाजतच राहतो, बुबुळाच्या आत आत उतरतो. पहिलं पोर आलं ते तूप लावून, ओल्या फडक्याने डोळा बांधून, पंचवीस किलोमीटर मोटरसायकलवर. पापणी उलटली तर खाली चुन्याचे गोळे तसेच. आम्ही सलाईनच्या दोन बाटल्या ओतून धुतलं. उशीर झाला होता.

चार वर्षांनी दुसरं पोर आलं, अंगावरचे कपडे चिंब. आईने त्याला तसंच उचलून हापशाखाली धरलं होतं. सासू दांडा मारत होती आणि ही पोराच्या पापण्या बोटांनी फाकवून धरत होती. पोर किंचाळतंय, गल्ली जमलेली, कोणी म्हणतंय अगं गुदमरंल, पण तिने अर्धा तास पाणी थांबवलं नाही. मग आली. तिला हे कोणी शिकवलं? शाळेतल्या तपासणीत मीच सांगितलं होतं, असं ती म्हणाली. मला आठवत नव्हतं. पोराचा डोळा लाल होता, बुबुळ मात्र आरपार स्वच्छ. तरी मी पुढे पाठवलं. चुना, ॲसिड, बॅटरीचं पाणी, फवारणीचं औषध, काहीही गेलं तरी आधी पाणी आणि मग प्रवास. बाकी सगळ्या तातडीच्या तक्रारींत मी ‘लगेच निघा’ म्हणतो, इथे एवढं ‘थांबा’ म्हणतो.

याच्या उलट एक आहे. छिन्नी-हातोडा, ग्राइंडर, ट्रॅक्टरची पिन ठोकताना काही उडालं आणि डोळ्यात टचकन लागलं, तर धुवायचं नाही, चोळायचं नाही, थेंब घालायचे नाहीत. वरून झाकण धरायचं, दाब पडणार नाही असं, आणि निघायचं. लोखंडाचा कण इतक्या वेगाने आत जातो की जखम दिसतही नाही. तासाभरात बरं वाटलं म्हणून लोक कामाला लागतात.

मी आतापर्यंत लाल, दुखऱ्या, भाजलेल्या डोळ्यांबद्दल बोललो. पण मला सगळ्यांत जास्त भीती वाटते ती न दुखणाऱ्या डोळ्याची. डोळ्याचा पडदा दुखत नाही. त्याला दुखायची सोयच नाही. हे मी अठरा वर्षं लोकांना सांगत होतो आणि मग माझी पाळी आली.

मला लहानपणापासून वजा आठचा नंबर. २०११ च्या मार्चमध्ये, वर्षअखेरीचे अहवाल भरत असताना उजव्या डोळ्याच्या कडेला वीज चमकल्यासारखं होऊ लागलं. खोलीत अंधार केला की जास्त. मग एका सकाळी डोळ्यापुढे काजळी उडाल्यासारखे काळे ठिपके, डोळा फिरवला की तेही फिरत. एक-दोन माश्या मला कॉलेजपासून दिसायच्या, तशा त्या अनेकांना दिसतात आणि त्यात काही नसतं. पण ही काजळी नवी होती, एकदम आलेली होती आणि सोबत चमक होती. समोर असा रुग्ण बसला असता तर मी त्याला खुर्चीतून उठवून गाडीत घातलं असतं. स्वतःला मी काय सांगितलं? जागरण. मार्च एंड. अहवाल गेले की सुट्टी टाकून दाखवून येऊ.

चौथ्या दिवशी मोटरसायकलवर असताना रस्त्याचा खालचा भाग दिसेना. कोणीतरी खालून राखाडी पडदा वर ओढत होतं. तेव्हा कळलं की ‘पडदा येणं’ ही उपमा नाही.

पडदा सुटला होता. पहिल्या दोन दिवसांत गेलो असतो तर छोट्या फाटीला लेसरचे टाके घालून काम भागलं असतं. आता पुण्याला मोठी शस्त्रक्रिया झाली, डोळ्यात गॅसचा फुगा भरला. फुगा वर जातो म्हणून तो पडद्याच्या मागच्या भागावर टेकावा यासाठी मी दहा दिवस पालथा होतो. जेवण पालथं, झोप पालथी. त्या दहा दिवसांत मी फरशीवरची एक चीर पाठ केली आणि ज्यांना ज्यांना मी ‘लगेच का नाही आलात?’ असं दटावलं होतं, त्या सगळ्यांची मनातल्या मनात माफी मागितली. लोक अडाणी असतात म्हणून उशीर करत नाहीत. दुखत नसतं, दुसऱ्या डोळ्याने दिसत असतं आणि हातात काहीतरी काम असतं, म्हणून करतात. आज त्या डोळ्याने मला तक्त्यावरची चौथी ओळ वाचता येते. पण दाराची चौकट सरळ दिसत नाही, मध्ये थोडी वाकते.

त्यानंतर माझ्या चिठ्ठ्या बदलल्या. आधी मी फक्त आजार लिहायचो. नंतर खाली मोठ्या अक्षरांत ‘आज’ असं लिहू लागलो, आणि एसटीची वेळही.

एका अंगणवाडीच्या शिबिरात एक आई मोबाइल घेऊन पुढे आली. दोन वर्षांची मुलगी कडेवर. म्हणाली, डोळे चांगलेच आहेत तिचे, पण फोटोत एक बाहुली लाल येते आणि एक पांढरी, मांजरीसारखी. घरात सगळे म्हणत होते, घारी होणार पोरगी, नशीबवान. मी फोटो बघितला आणि माझे हात गार पडले. टॉर्च लावला, बाहुलीतून पांढरट चमक परत आली. लहान मुलात पांढरी बाहुली म्हणजे मोतीबिंदू असू शकतो, दुसरंही काही असू शकतं, पण पडद्याचा कर्करोग नाही हे सिद्ध होईपर्यंत तोच धरून चालायचं. मी आईला ‘कर्करोग’ म्हणालो नाही. जिल्ह्याला फोन केला, तिथून मुंबईला टाटा रुग्णालयात गेले. एक डोळा काढावा लागला. मुलगी आहे, शाळेत जाते, त्या बाजूला कृत्रिम डोळा आहे आणि ती तो सफाईने बसवते. त्या आईने फोटो नीट बघितला नसता तर काय झालं असतं, याचा मी विचार करत नाही.

मधुमेहवाल्यांचं थोडक्यात. त्यांच्यासाठी लक्षणांची वाट बघणं हीच चूक. साखर पडद्याच्या रक्तवाहिन्या पोखरत असते तेव्हाही सहा-सहा, म्हणजे पूर्ण नजर राहू शकते. तक्रार नसताना वर्षातून एकदा बाहुली मोठी करून पडदा तपासायचा. घरात कोणाला काचबिंदू असेल तर रक्ताच्या नात्यातल्यांनीही दाब आणि नस तपासून घ्यायची. काचबिंदूचा हा दुसरा प्रकार न दुखता, न लाल होता, कडेकडेने नजर खातो.

सगळ्यांनाच पुढे पाठवणं हाही पर्याय नाही, हे मान्य करायला हवं. २०२३ च्या पावसाळ्यात राज्यभर डोळ्यांची साथ आली तेव्हा माझ्या दारात एका दिवसात दोनशे लाल डोळे उभे होते. चिपडं, पापण्या चिकटलेल्या, खाज, पाणी, बहुतेक दोन्ही डोळे. त्या सगळ्यांना जिल्ह्याला धाडलं असतं तर साथही सोबत गेली असती. त्यांना मी हात धुवा, टॉवेल वेगळा ठेवा, आठवडाभरात जाईल म्हणून घरी पाठवलं. पण त्या दोनशेंनाही एकेक डोळा झाकायला लावला. रुग्णालयातला एक सहकारी वैतागला. त्या रांगेत एक कॉलेजचा मुलगा होता. एकच डोळा लाल, चिपडं अजिबात नाहीत, उजेडाकडे बघवत नव्हतं आणि नजर तीन ओळी कमी. बाहुली आक्रसलेली, कडेला वेडीवाकडी. आतली सूज होती ती. शेजारी सगळ्यांचे डोळे आले होते, म्हणून त्यालाही आले असं घरच्यांनी धरलं होतं.

निवृत्त झालो त्या दिवशी टॉर्च आणि काळी चकती घरी आणली. चकती सरकारी होती, पण कोणी मागितली नाही.

हे वाचून झालं की भिंतीवरच्या कॅलेंडरसमोर दहा पावलांवर उभे राहा. चष्मा असेल तर घाला. डावा डोळा तळहाताने झाका, दाबू नका, आणि तारखा वाचा. मग उजवा झाका. घरातल्या म्हाताऱ्यांनाही उभं करा, पोरांनाही. दोन डोळ्यांत फरक निघाला, ओळी वाकड्या दिसल्या, मध्येच काही दिसेनासं झालं, तर उद्या सकाळी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा. आणि हा फरक कालपर्यंत नव्हता अशी खात्री असेल, तर उद्या नको, आत्ताच निघा.